खुंटीवरचे शिरस्त्राण

सोलापूर शहराच्या कोणत्याही बाजूस गेले, तरी कोठे ना कोठे नवे बांधकाम चाललेले दृष्टीस पडते. एके ठिकाणी पाया खणला जात असतो, दुसऱ्या ठिकाणी सळयांचे जाळे बांधले जात असते, तर तिसऱ्या ठिकाणी स्लॅब टाकण्याची घाई उडालेली असते. चादरी आणि टॉवेल यांकरिता नावाजलेले, एके काळी गिरण्यांचे गाव म्हणून ओळखले जाणारे हे शहर आता चहूंकडे पसरत चालले आहे. शहराजवळच्या कुंभारी गावी असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांची ‘रे नगर’ ही वसाहत उभारण्याचे काम हाती घेण्यात आले आणि त्यांतील पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी त्यांच्या मालकांच्या हाती सोपविण्यात आली. विणकर, यंत्रमाग कामगार, विडी कामगार, फेरीवाले अशी ही मंडळी होत. दक्षिण सोलापूर तालुक्यात फताटेवाडीच्या परिसरात १३२० मेगॅवॉट शक्तीचे औष्णिक विद्युत केंद्र उभे राहिले. त्याचा पहिला संच २०१७ मध्ये व दुसरा २०१९ मध्ये सुरू झाला. ही झाली मोठी कामे. पण त्यांखेरीज गल्लोगल्ली चाललेली दुमजली, तिमजली घरांची कामे कितीतरी असतात, आणि गवंडी, सुतार, सळई बांधणारे, रंगारी व बिगारी यांच्यापैकी बहुतेकांचे पोट या लहान कामांवरच चालते.

अशा एखाद्या लहान कामावर दुपारच्या वेळी डोकावून पाहिले, तर एक चमत्कारिक गोष्ट आढळते. भिंतीतून बाहेर आलेल्या सळईला एक पिवळे शिरस्त्राण अडकविलेले असते. कामगार त्याला हेल्मेटच म्हणतात. हेल्मेट खुंटीवर, आणि ज्याचे ते आहे तो गवंडी परांचीवर, डोक्याला टॉवेल गुंडाळून विटा लावीत बसलेला. त्याच्या वर दुसऱ्या मजल्यावर सेंट्रिंग उकलण्याचे काम चालू असते. वरून एखादी फळी, एखादी पाचर, एखादा खिळा केव्हा सुटेल, याचा नेम नसतो. मग जी वस्तू त्याच्या प्राणाचे रक्षण करण्यासाठी केलेली आहे, ती खुंटीवर का?

हेल्मेटच मिळाले नाही, असे उत्तर पूर्वी देता आले असते. आज ते सर्वत्र लागू पडत नाही. बांधकाम कामगारांच्या सुरक्षिततेसाठी आणि कल्याणासाठी १९९६ साली केंद्र सरकारने कायदा केला. बांधकामाच्या खर्चाच्या शेकडा एक इतका उपकर घ्यावा व तो या कामगारांच्या हितासाठी खर्च करावा, अशी तजवीज त्याच वर्षी झाली. त्या व्यवस्थेप्रमाणे महाराष्ट्रात २०११ साली इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ स्थापन झाले. वर्षभरात निदान नव्वद दिवस बांधकामावर राबलेल्या, अठरा ते साठ वर्षे वयाच्या कामगाराची नोंद करून घेण्यात येऊ लागली, आणि नोंद झालेल्या पुष्कळ कामगारांच्या हाती एक पेटी आली. तीत हेल्मेट होते, बूट होते, अंधारात चकाकणारे जाकीट होते. शिवाय जेवणाचा डबा आणि पाण्याची बाटलीही होती. यांतील डबा बहुधा रोज वापरला जातो. हेल्मेट मात्र पुष्कळदा घरीच राहते किंवा खुंटीला लागते. या साध्या भेदातच साऱ्या प्रश्नाचे मर्म आहे. डबा कामगाराच्या दिवसक्रमात बसतो. हेल्मेट त्यात बसत नाही.

हेल्मेट काय काम करते, हे प्रथम पाहिले पाहिजे. पुष्कळांचा समज असा असतो की, ते केवळ एक कठीण टोपण आहे, आणि जितके कठीण तितके चांगले. तसे नाही. हेल्मेटचे दोन भाग असतात. बाहेरचे प्लॅस्टिकचे कवच आणि आतला पट्ट्यांचा पाळणा. डोके टेकते ते या पाळण्यावर. कवच आणि टाळू यांच्यामध्ये सुमारे तीन सेंटिमीटरांची पोकळी राहते. वरून पडलेली वस्तू कवचावर आदळली, की कवच तो आघात एका बिंदूवर न ठेवता सभोवार पसरवून देते, आणि आतले पट्टे किंचित ताणले जाऊन त्या वस्तूला थांबावयास थोडा अधिक वेळ देतात. क्रिकेटचा चेंडू झेलताना चांगला खेळाडू हात मागे घेतो, तीच ही युक्ती होय. हात ताठ ठेवला तर तळवा झोंबतो. मागे घेतला तर चेंडू अलगद विसावतो. पाळण्याचे पट्टे हे डोक्याचे मागे सरणारे हात आहेत.

युरोपात बांधकामाच्या हेल्मेटची जी परीक्षा घेतात, तीत पाच किलोग्रॅम वजनाचा गोळा एक मीटर उंचीवरून त्याच्यावर टाकतात आणि खाली किती जोर पोचतो हे मोजतात. पाच किलो आणि एक मीटर हे ऐकावयास किरकोळ वाटते. पण दोनशे ग्रॅमचा एक लोखंडी बोल्ट पंचवीस मीटर उंचीवरून, म्हणजे सुमारे आठव्या मजल्यावरून निसटला, तर तो नेमकी तितकीच शक्ती घेऊन खाली येतो. त्या क्षणी त्याचा वेग ताशी ऐंशी किलोमीटर झालेला असतो. मुठीत मावणारी ही वस्तू उघड्या डोक्यावर पडली तर काय होईल, हे सांगावयास नको. हेल्मेट असेल तर माणूस चरकतो आणि पुन्हा कामाला लागतो.

तथापि, हेल्मेटच्या शक्तीलाही सीमा आहे. तीन किलोची वीट दहा मीटरांवरून पडली, तर ती या परीक्षेच्या सहापट शक्ती घेऊन येते. तिच्यापासून हेल्मेट पुरते रक्षण करू शकेल, अशी हमी कोणी देत नाही. म्हणूनच शहाणा अभियंता हेल्मेटला शेवटची तटबंदी मानतो. परांचीच्या कडेला वीतभर उंचीची फळी उभी ठोकली, म्हणजे विटा पायाने ढकलल्या जाऊन खाली पडत नाहीत. जाळी बांधली, म्हणजे पडलेली वस्तू मध्येच अडते. इतके करूनही जे निसटते, त्यासाठी हेल्मेट.

हेल्मेटचा जन्म कसा झाला, ती हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत कोलोरॅडो नदीवर १९३१ साली हूव्हर धरणाचे काम सुरू झाले. दरीच्या उभ्या कड्यांना दोर बांधून कामगार लोंबकळत आणि सैल झालेले खडक फोडीत. दगड सतत वरून ढासळत. तेव्हा काही कामगारांनी आपल्या कापडी टोप्या डांबरात बुडविल्या आणि वाळवून कडक केल्या. या टोप्या घातलेल्या काही जणांवर असे धोंडे कोसळले की, त्यांचे जबडे मोडले. पण कवटीला इजा झाली नाही. हे पाहून तेथील कंत्राटदारांनी कारखान्यात केलेल्या कडक टोप्या मागविल्या. तशा टोप्या सॅन फ्रान्सिस्कोच्या बुलार्ड नावाच्या कारखान्याने १९१९ पासूनच काढलेल्या होत्या. पहिल्या महायुद्धातील सैनिकांच्या पोलादी शिरस्त्राणावरून ही कल्पना सुचली होती. जाडेभरडे कापड, सरस आणि काळा रंग यांपासून, वाफेवर शेकून त्या बनवीत.

या हकीकतीत लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, डांबरी टोपी कोणा अधिकाऱ्याने दिली नव्हती. ती ज्याच्या डोक्यावर दगड पडत होते त्याने, स्वतःच्या टोपीवर, स्वतःच्या मापाने केली होती. ती घालावी म्हणून त्याच्यामागे कोणाला लागावे लागले नाही.

पुढे १९३३ ते १९३७ या काळात सॅन फ्रान्सिस्को येथेच गोल्डन गेट पूल बांधला गेला. तेथील मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस याने कडक टोपी सर्वांस सक्तीची केली. आणि तेवढ्यावर न थांबता पुलाखाली दोराची एक प्रचंड जाळी पसरली. या जाळीत पडून एकोणीस माणसे वाचली. १७ फेब्रुवारी १९३७ रोजी मात्र एक भला मोठा मचाण तुटून जाळीवर पडला, जाळी फाटली आणि दहा माणसे मृत्युमुखी पडली. सक्ती आणि सोय ही दोन्ही एकत्र असूनही असा दिवस उगवतो. मग नुसत्या सक्तीवर भिस्त ठेवणाऱ्याने काय म्हणावे?

आज सक्तीचे काम यंत्रांकडे सोपविण्याचा प्रयत्न जगभर चालला आहे, आणि त्यांतील काही यंत्रे खरोखर कौतुकास्पद आहेत. सर्वांत साधे यंत्र फाटकावरचे. हेल्मेटच्या आत नखाएवढी एक चकती व तिला जोडलेली तारेची बारीक नक्षी चिकटविलेली असते. तीत विजेचा घट नसतो. फाटकावरचे यंत्र रेडिओ लहरी सोडते. त्या लहरींतूनच चकतीला क्षणभर शक्ती मिळते आणि ती आपला क्रमांक उलट कळविते. हेल्मेट, बूट, जाकीट या सर्वांचे क्रमांक आले तरच फाटक उघडते. मोठ्या कारखान्याच्या कामावर, जेथे एकच फाटक असते, तेथे ही युक्ती चालते. परंतु या यंत्राला एवढेच समजते की, हेल्मेट आत गेले. ते डोक्यावरून गेले की सायकलच्या दांडीवरून, हे त्यास कळत नाही. आणि फाटकापासून पन्नास पावलांवर ते उतरविले, तरी त्याची खबर यंत्राला नसते.

म्हणून दुसरी युक्ती निघाली, ती कॅमेऱ्याची. कॅमेरा नुसते चित्र घेतो. त्यातले हेल्मेट ओळखावयास संगणक लागतो. संगणकाला हे शिकविण्याची रीत मोठी मनोरंजक आहे. हेल्मेट म्हणजे काय याची व्याख्या त्याला कोणी सांगत नाही. हजारो छायाचित्रे त्याच्यापुढे ठेवतात. प्रत्येक चित्रात माणसाने आधीच चौकटी आखून ठेवलेल्या असतात. या चौकटीत हेल्मेट घातलेले डोके आहे, त्या चौकटीत उघडे डोके आहे. संगणक प्रत्येक वेळी अदमास करतो, चुकतो, आणि चूक जितकी मोठी तितका आपल्या आतील आकड्यांत फेरफार करून घेतो. असे लक्षावधी वेळा झाल्यावर तो पूर्वी न पाहिलेल्या चित्रातही उघडे डोके शोधून काढू लागतो. लहान मूल अंगणातली मांजरे पाहता पाहता मांजर ओळखावयास शिकते. येथेही तसेच होते. मात्र मुलाला चार मांजरे पुरतात, संगणकाला हजारो लागतात. शिवाय त्याने जे पाहिले नाही ते तो जाणत नाही. धुळीने माखलेले हेल्मेट, मावळतीचा उजेड, खांबाआड अर्धवट दिसणारा माणूस, डोक्यावर पालथे घातलेले पिवळे घमेले, यांपुढे तो गोंधळू शकतो. परदेशातील चित्रांवर शिकलेल्या संगणकाने सोलापुरात डोक्याला गुंडाळलेला पांढरा टॉवेल आयुष्यात पाहिलेला नसतो.

तिसऱ्या प्रकारात हेल्मेटच जागे केलेले असते. डोक्याभोवतीच्या पट्ट्यात एक बारीक कळ बसवितात. पट्टा कपाळाला टेकला की ती दाबली जाते. धक्का लागल्यास किंवा माणूस पडल्यास ते ओळखणारा भागही त्यात घालता येतो, म्हणजे एकटा काम करणारा मनुष्य कोसळला तर मुकादमाच्या मोबाईलवर खबर जाते. हा खरा उपयोग होय. पण अशा हेल्मेटला रोज विजेवर भरावे लागते आणि घाम व सिमेंटची धूळ यांचा मारा त्याच्या नाजूक भागांवर सारखा चालू असतो.

या यंत्रांविषयी एक सावधगिरीची गोष्ट बोलली पाहिजे. कॅमेऱ्याने दाखविले आणि मजुरी कापली, एवढ्यावर ज्यांचा व्यवहार थांबतो, त्यांच्या कामावर कामगार कॅमेऱ्याच्या टप्प्यात हेल्मेट घालतो आणि खांबाआड गेल्यावर काढतो. याला सुरक्षितता म्हणता येत नाही. हा लपंडाव झाला. पण हाच कॅमेरा निराळ्या रीतीनेही वापरता येतो. कोणी हेल्मेट काढले हे न विचारता, हेल्मेटे कोठे आणि केव्हा निघतात, हे त्याला विचारावे. त्यासाठी कोणाचा चेहरा ओळखण्याचीही गरज नाही. समजा, आठवडाभराच्या नोंदींवरून असे दिसले की, सकाळी सर्वांच्या डोक्यावर हेल्मेट असते आणि दुपारी एक ते तीन या वेळात वरच्या स्लॅबवर एकाच्याही नसते. तर दोष माणसांचा आहे की उन्हाचा? समजा, दुसऱ्या एका कामावर गवंडी हेल्मेट घालतात आणि बिगारी स्त्रिया मुळीच घालीत नाहीत. तर स्त्रिया बेपर्वा आहेत, असे म्हणावयाचे की त्यांच्या डोक्यावर काय आहे ते पाहावयाचे?

प्रथम उन्हाचे. सोलापूरचा उन्हाळा प्रसिद्ध आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा कित्येक दिवस चाळीस अंशांच्या वर असतो आणि काही वर्षी तो चव्वेचाळीसपर्यंतही जातो. स्लॅबवर सावली नसते. खालचे काँक्रीट तापलेले आणि वरचे प्लॅस्टिकही तापलेले. बंद कवचाखाली वारा खेळत नाही, घाम वाळत नाही, आणि तो कपाळावरून थेट डोळ्यांत उतरतो. हातात थापी आणि करणी असलेल्या माणसाला डोळे पुसावयास तिसरा हात नसतो. अशा वेळी तो हेल्मेट काढतो आणि टॉवेल बांधतो. शरीराच्या दृष्टीने तो योग्यच वागत असतो, कारण ओला टॉवेल डोके थंड ठेवतो. हेल्मेट ठेवीत नाही.

यावर उपाय आहेत, आणि ते फारसे महाग नाहीत. पांढरे किंवा फिकट रंगाचे कवच गडद कवचापेक्षा कमी तापते. कवचाच्या बाजूंना झरोके ठेवले, तर गरम हवा वरून निघून जाते आणि खालून ताजी आत येते. मात्र विजेच्या तारांजवळ काम करणाऱ्याने झरोक्यांचे हेल्मेट घालू नये. सोलापूरची हवा उन्हाळ्यात कोरडी असते ही अडचण खरी, पण हाच एक फायदाही आहे. कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडून जाते आणि उडून जाताना उष्णता घेऊन जाते. माठातले पाणी गार होते ते याच कारणाने. मुंबईच्या दमट हवेत जी युक्ती तितकी साधत नाही, ती येथे साधते.

टॉवेलची गोष्ट तर सोलापूरकरांनी विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. पुष्कळ कामगार दोन्ही साधावे म्हणून आधी टॉवेल गुंडाळतात आणि वरून हेल्मेट चढवितात. दिसावयास ही तडजोड चांगली, पण ती धोक्याची आहे. टॉवेलच्या जाड घड्या कवच आणि टाळू यांमधील ती तीन सेंटिमीटरांची पोकळी भरून टाकतात. मग आघात आला की पाळण्याला ताणावयास जागाच उरत नाही, आणि हेल्मेट डोक्यावर नीट बसत नसल्यामुळे धक्क्यासरशी उडूनही जाते. मग टॉवेल सोडून द्यावा काय? नाही, त्याची जागा बदलावी. हेल्मेटच्या कपाळपट्टीला टेरी टॉवेलच्या कापडाची अरुंद पट्टी बसविता येते. टेरीच्या पृष्ठभागावर सुताचे असंख्य उभे फास असतात, त्यामुळे थोड्या जागेत पुष्कळ घाम शोषला जातो. अशा पट्ट्या काढून, धुऊन, पुन्हा बसविता येतात आणि त्यांचा वापर अनेक देशांत होतो. सोलापूरच्या टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि गणवेश शिवण्याचा धंदाही येथे जोमाने वाढलेला आहे. ज्या गावचे माग हे कापड रोज विणतात, त्या गावच्या गवंड्याचे कपाळ घामाने निथळावे, ही थोडी नवलाचीच गोष्ट आहे. हातभर कापडाचा हा तुकडा वर वर्णिलेल्या कोणत्याही विजेच्या यंत्राइतकाच ‘यंत्रविद्या’ या नावास पात्र आहे.

आता बिगारी स्त्रियांचे पाहू. डोक्यावर पदर, पदरावर चुंबळ, चुंबळीवर वाळूने किंवा ओल्या मालाने भरलेले घमेले, आणि पायाखाली उतरती फळी. असे तिचे काम चालते. मान ताठ ठेवून, हात न लावता, ती हे ओझे तोलते, यात वर्षांचे कौशल्य असते. हेल्मेटचा माथा गोल आणि गुळगुळीत. त्यावर चुंबळ टिकत नाही. टिकली तरी ओझे पाळण्याच्या पट्ट्यांवर पडून ते सैल होतात. तिला हेल्मेट घालावयास सांगणे म्हणजे काम सोडावयास सांगणे होय. येथे कितीही कॅमेरे लावले तरी एकच चित्र पुन्हा पुन्हा दिसेल.

तेव्हा या ठिकाणी हेल्मेट सुधारण्याचा प्रश्नच नाही. ओझे डोक्यावरून उतरविण्याचा आहे. जमिनीवरून माल वर नेण्यासाठी कप्पी व दोर, त्याहून बरी म्हणजे विजेवर किंवा तेलावर चालणारी लहान लिफ्ट, सपाटीवर एकचाकी ढकलगाडी, आणि मोठा स्लॅब असेल तर काँक्रीटचा पंप. अशी साधने आली, म्हणजे डोके मोकळे होते आणि मग त्यावर हेल्मेट बसू शकते. अर्थात लिफ्टच्या खाली कोणी उभे राहू नये म्हणून दोर बांधून जागा अडवावी लागते. लिफ्ट आल्यावर बिगारी स्त्रीची मजुरीच जाईल काय, ही भीतीही खोटी नव्हे. ती लिफ्ट चालवावयास शिकली तर तिची मजुरी वाढेल. पण तिला ते काम शिकविले पाहिजे. पुष्कळ ठिकाणी लिफ्टचा दांडा पुरुषाच्या हाती जातो आणि स्त्रीकडे पुन्हा घमेलेच राहते.

हेल्मेट स्त्रियांच्या डोक्यावर बसले, तरी ते अंबाड्याला अडते. यासाठी मागील बाजूस फिरकी असलेला पट्टा मिळतो. ती फिरविली की घेर हवा तसा लहानमोठा होतो आणि पट्टा अंबाड्याखाली घेता येतो. फिरकीमुळे आणखी एक गैरसोय टळते. सळई बांधणारा कामगार दिवसभर ओणवा असतो आणि सैल हेल्मेट दर खेपेस पुढे घसरते. उंचीवरून ते निसटले तर खाली असलेल्याच्या डोक्यावर पडावयाचे, म्हणजे रक्षकच घातक व्हावयाचा. हनुवटीखाली बांधावयाचा पट्टा ही यावरची साधी तोड आहे. डोंगर चढणाऱ्यांच्या शिरस्त्राणासारखी, हनुवटीला घट्ट बसणारी नवी हेल्मेटे आता बांधकामावर येऊ लागली आहेत. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा खात्याने आपल्या निरीक्षकांसाठी ती स्वीकारीत असल्याचे २०२३ च्या डिसेंबरात जाहीर केले.

हातमोज्यांचीही हीच कथा थोडक्यात सांगता येईल. ओले सिमेंट त्वचा जाळते, म्हणून मोजे हवेत. पण जाड मोजा घातला तर गवंड्याच्या बोटांना गिलाव्याची पातळी कळत नाही. यास्तव तळव्याला रबराचा पातळ थर दिलेले विणीचे मोजे त्याला पसंत पडतात, आणि जाड चामडी मोजे पेटीतच राहतात.

उंचीवरून पडणे ही बांधकामावरील सर्वांत भयंकर आपत्ती, आणि तिच्यासाठी सुरक्षा-पट्टा दिला जातो. पूर्वी तो नुसता कमरेला बांधीत. पडणारा मनुष्य एकाएकी अडला की सारा हिसका पोटावर व पाठीच्या कण्यावर येई. आता पट्टे खांद्यांवरून आणि मांड्यांभोवती जातात व दोर पाठीवरच्या कडीत अडकवितात. दोराच्या एका भागी घड्या घालून शिवलेली पट्टी असते. हिसका बसला की तिची शिवण टराटरा उसवत जाते आणि त्या उसवण्यातच बराचसा जोर जिरतो. ही योजना उत्तम आहे. पण तिला खाली जागा लागते. दोर दोन मीटरांचा, उसवलेली पट्टी पावणेदोन मीटरांपर्यंत, त्यात माणसाची उंची आणि थोडी मोकळीक धरली, तर दोर पायाजवळ बांधला असता सुमारे सहा मीटर खोली हवी. सोलापुरातल्या लहान घराचा पहिला स्लॅब जमिनीपासून तीन मीटरांवर असतो. तेथे असा पट्टा घातलेला मनुष्य पडला, तर शिवण उसवून होण्यापूर्वीच तो जमिनीवर पोचलेला असेल. दोन मीटर पडावयास पाऊण सेकंदही लागत नाही.

गवंडी पट्टा बांधावयाचा कंटाळा करतो, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. तो विचारतो, बांधू कोठे? परांचीच्या बांबूला बांधला तर बांबूच माझ्याबरोबर यावयाचा. हा प्रश्न अगदी बिनतोड आहे, आणि त्याचे उत्तर पट्ट्यात नसून इमारतीत आहे. स्तंभाचे व तुळईचे काँक्रीट टाकतानाच त्यांत डोक्याच्या उंचीवर लोखंडी कड्या बसवून ठेवल्या, तर पुढच्या प्रत्येक कामगाराला दोर अडकविण्यास पक्की जागा मिळते. पुढे रंगकाम करणाऱ्याला आणि काचा पुसणाऱ्यालाही त्या उपयोगी पडतात. अशा कडीला आपोआप गुंडाळला जाणारा दोर लावता येतो. मोटारीतल्या आसनपट्ट्याप्रमाणे तो सावकाश ओढला तर सुटत जातो. एकदम हिसका बसला की आतील दाते बाहेर फेकले जाऊन चाक जागच्या जागी अडते. मनुष्य फार खाली जात नाही, म्हणून थोड्या उंचीवरही तो उपयोगी पडतो. मात्र लोंबकळणाऱ्या माणसाला फार वेळ तसेच ठेवता येत नाही. मांड्यांतील रक्त वर चढेनासे होऊन तो बेशुद्ध पडू शकतो. यासाठी शिडी आणि सोडविणारा मनुष्य जवळ असावा लागतो.

सूचना कोणत्या भाषेत द्यावी, हाही यंत्रविद्येचाच प्रश्न आहे. सोलापूरच्या एकाच परांचीवर मराठी, तेलुगू आणि कानडी अशा तीन भाषा ऐकू येतात. भिंतीवर इंग्रजीत छापलेली पाटी तेथे शोभेपुरती असते. ज्या यंत्राला घंटा वाजविता येते, त्याला या तीन भाषांत एकेक वाक्य बोलताही येते. ते वाक्य रोजच्या ओळखीच्या मुकादमाच्या आवाजात असेल, तर अधिक ऐकले जाते.

राहता राहिला प्रश्न हेल्मेटच्या आयुष्याचा. प्लॅस्टिक हे उन्हात म्हातारे होते. सूर्याचे अतिनील किरण त्याला हळूहळू ठिसूळ करतात; रंग विटतो, पृष्ठभाग खडूसारखा होतो, आणि बारीक तडा जातो. दिवसभर खुंटीला, भर उन्हात टांगलेले हेल्मेट वापरले नाही तरी झिजत असते. कवचाच्या आतल्या बाजूस, बहुधा पुढच्या पाळीखाली, एक लहान वर्तुळ उठविलेले असते. त्यात वर्षाचा आकडा व महिना दाखविणारा बाण असतो. ती त्याची जन्मतारीख होय. तिच्यावरून आणि कारखान्याने सांगितलेल्या मुदतीवरून ते केव्हा बदलावयाचे हे ठरते. एकदा जबर आघात झेललेले हेल्मेट मात्र, त्यावर ओरखडाही दिसत नसला तरी, त्याच दिवशी टाकून द्यावयाचे असते. सकाळी कामाला लागण्यापूर्वी दोन्ही हातांनी कवच किंचित दाबून पाहावे. कडकड असा आवाज आला तर ते पालथे घालून वाळू भरावयासच घ्यावे.